सासऱ्यांची कवळी आणि गुलाबी गांडुळं

आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं मी बनवलेल्या दातांनी हसतात. बढाई नाही, धंदाच आहे माझा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी घरामागच्या खोलीत कवळी घडवते. आजवर एकही परत आलेली नाही. फक्त माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी माझी कवळी आठ महिने पेल्यात बुडवून ठेवली होती.

"टोचते गं," एवढंच म्हणायचे.

"अहो बाबा, सवय नाही म्हणून टोचते. दोन दिवस दम धरा की!"

सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. माणूस सूप आणि कुस्करलेल्या केळ्यावर जगत होता. सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. येणारे-जाणारे विचारायचे, "सून दात बनवते आणि सासऱ्याच्या तोंडाचं बोळकं?" मीही मग सगळ्यांना सांगत सुटले, की म्हातारा हट्टी आहे. नवऱ्याला सांगितलं. नणंदेला तर फोनवर स्पीकर लावून सांगितलं, बाबा शेजारच्या खोलीत असताना.

बाबा तेव्हा गांडुळं बनवत होते.

सासरे निवृत्त बसचालक. तळ्यावर मासे धरायला जातात, पण जिवंत गांडूळ गळाला टोचताना त्यांच्या अंगावर काटा येतो. म्हणून नरम प्लॅस्टिकची. दुधासारखं पातळ प्लॅस्टिक माझ्याच कामाच्या खोलीत जुन्या भांड्यात तापवायचं, ते घट्ट होऊन परत पातळ झालं, की रंग, चमकी आणि बडीशेपेच्या तेलाचे चार थेंब घालून साच्यात ओतायचं. वासाने मासे येतात म्हणे. मासे येवोत न येवोत, माझी खोली मात्र मुखवासाच्या डबीसारखी घमघमायला लागली.

पहिला साचा त्यांनी माझ्याच प्लॅस्टरचा केला आणि ओला असतानाच त्यात गरम प्लॅस्टिक ओतलं. ते असं फसफसलं, की अर्धं गांडूळ छताला चिकटलं.

"ओल्या साच्यात गरम ओततात होय?" मी ओरडले.

"माहीत होतं तर आधी बोलायचंस."

आता वाईट साचा माझ्या डोळ्यांना सहन होत नाही. मुकाट्याने नवा करून दिला आणि माझ्या भट्टीत वाळवूनही दिला. तेवढ्यात त्यांनी हिरड्यांसाठीच्या माझ्या गुलाबी रंगाची डबी अर्धी केली होती.

पुढच्या आठवड्यात फ्रीजमधल्या काकड्या नाहीशा होऊ लागल्या. आणि एका दुपारी बाथरूमच्या दारामागून आवाज आला. कर्रम. कर्रम.

"बाबा! बाहेर या."

आले. गाल फुगलेले, तोंडाला बडीशेपेचा वास.

"काढा."

त्यांनी कवळी माझ्या हातावर ठेवली. आतून सगळीकडे गुलाबी, मऊ, चमचमता थर!

"अहो, हे काय? माशांचं प्लॅस्टिक तोंडात? पोटात गेलं म्हणजे?"

"पातळ थर लावला आणि कोमट झाल्यावर दाबून बसवला. आठ दिवस झाले. जरा कमी टोचतं."

मी तावातावाने दिव्याखाली नेली, आणि माझीच दातखीळ बसली. थर सगळीकडे सारखा होता. फक्त डावीकडे, मागच्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा झिजून पार गेला होता. थराखालची कवळी उघडी पडली होती. इतकी वर्षं हेच काम करते, याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. तिथे कवळीलाच उंचवटा होता. पहिल्या दिवसापासून होता. सगळ्यांचं माप डॉक्टर घेतात, पण घरच्या माणसाला कशाला पाठवायचं, म्हणून बाबांचं मी स्वतः घेतलं होतं. फोन खांद्यावर धरून.

"डॉक्टरांना का नाही दाखवलंत?"

"काय सांगू त्यांना? सुनेची कवळी टोचते? तुझं सगळं काम त्यांच्याकडूनच येतं ना," ते म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ."

लाज वाटली हो. रडूही आलं. आठ महिने हा माणूस माझ्यासाठी उपाशी राहिला आणि मी त्याला चारचौघांत हट्टी म्हणत होते.

थर सोलून काढला, उंचवटा घासला, कवळी गुळगुळीत करून दोनदा धुतली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांनी ती तोंडात बसवली, जबडा इकडे-तिकडे हलवला आणि काकडी उचलली.

मी नणंदेला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"ऐक. बाबा हट्टी नव्हते. कवळी मीच चुकवली होती."

पलीकडून ती म्हणाली, "वहिनी, तो कसला आवाज येतोय?"

"बाबा काकडी खातायत," मी म्हणाले, आणि सोललेला गुलाबी थर उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"अगं, टाकू नकोस!" बाबा भरल्या तोंडाने ओरडले. "वितळवला तर दोन गांडुळं होतील त्याची!"