साडेअकराला सोडावे

पत्रकबाईंनी मुलींच्या स्वच्छतागृहाचं शेवटचं दार ढकललं. आत बादली होती, बादलीत मग होता, भिंगरी नव्हती.

"इथेही नाही," त्यांनी मागे वळून सांगितलं.

भिंगरीच्या आईने ते ऐकलं आणि तरीही पुढे होऊन स्वतः दारामागे डोकावून पाहिलं. मग ती जिन्याकडे धावली.

बाई शाळेच्या कारकून. दर सोमवारी शाळेचं पत्रक त्याच काढत, म्हणून पहिलीच्या पोरांपासून पालकांपर्यंत सगळे त्यांना पत्रकबाईच म्हणत. आज शुक्रवार होता. शिक्षकांची बैठक असल्यामुळे शाळा तीनऐवजी साडेअकराला सुटली होती. भिंगरी दुसरीत होती आणि एका जागी कधी टिकत नसे, म्हणून तिचं हे नाव पडलेलं. तिची आई तिला न्यायला वेळेवर आली. सगळी मुलं बाहेर पडली, फाटकाशी कोणी उरलं नाही, तेव्हा तिने वर्गशिक्षिकांना विचारलं.

"ती आज आलीच नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "काल दात काढला म्हणून नव्हती, मला वाटलं आजही सुट्टीच."

आईने तिथूनच भिंगरीच्या बाबांना फोन लावला. दोघं वर्षभरापूर्वी वेगळे झाले होते. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ, एवढीच लेक बाबांच्या वाट्याला येत असे.

"आत्ताच तर सोडलं तिला," बाबा म्हणाले.

"आत्ता? सोडलंस म्हणजे कुठे सोडलंस?"

"शाळेत. फाटकाशी."

"शाळा सुटलीय," आई म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच आत धावली.

त्याला आता पाऊण तास झाला होता. वाचनालय झालं, खेळाच्या सामानाची खोली झाली, पाण्याच्या टाकीमागची जागा झाली. एकटं मूल फाटकाबाहेर पडलेलं नाही असं वॉचमनकाका पुन्हापुन्हा सांगत होते. पण एकटं मूल आत गेलेलंही त्यांनी पाहिलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या सांगण्याचा कुणाला दिलासा वाटेना. हातातला किल्ल्यांचा जुडगा पत्रकबाई उगाचच या हातातून त्या हातात घेत होत्या, आणि तो आवाज ऐकता ऐकताच त्यांच्या लक्षात आलं की वर्गांना पावणेबारालाच कुलपं लागली, म्हणून वर्ग कोणी पाहिलेच नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरचं तिसरं कुलूप उघडलं तेव्हा भिंगरी आपल्या बाकावर बसलेली होती. डबा खाऊन झाला होता. फळ्याच्या कोपऱ्यात, रोज बाई लिहितात तिथे, तिने खुर्चीवर चढून लिहिलं होतं: पट ३२, हजर १.

"सगळे कुठे गेले?" तिने विचारलं.

आईने तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. दार नुसतं लोटलेलं असताना काकांनी आत न बघताच कुलूप लावलं होतं, आणि हाका मारून कंटाळल्यावर भिंगरीने डबा उघडला होता.

बाबा धापा टाकत पोचले ते थेट ऑफिसात. लिफ्ट दुरुस्त करण्याचं त्यांचं काम, कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं. लेकीला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केले, हातांकडे पाहिलं आणि मागे घेतले.

"दर शुक्रवारी हिला वेळेवर सोडशील ना, याचीच मला धाकधूक असते," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच ऑफिसातला पंखासुद्धा ऐकू येत होता. "आता पुरे. मोठ्या बाई, ने-आण यादीतून यांचं नाव काढा. हिला आणायचं, न्यायचं, सगळं मीच करीन."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी अर्जाचा कागद पुढे सरकवला. आईने उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. यादीतून नाव गेलं की शुक्रवार गेला, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. भिंगरीलासुद्धा कळलं असावं, कारण ती पहिल्यांदाच अगदी स्थिर उभी होती.

"शाळा साडेअकराला सुटणार हे तीनशे पालकांना कळलं," मोठ्या बाई बाबांना म्हणाल्या. "तुम्हालाच कसं नाही कळलं?"

बाबांनी खिशातून शाळेतून त्यांना वेगळं मिळालेलं, चार घड्या घातलेलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं.

"वाचलं होतं मी. दोनदा वाचलं. फाटकाशी गाडी उभी करू नका, असंही होतं. नाही केली. मुलांची गर्दी होती, म्हटलं सगळी आत चाललीत. हिला उतरवलं आणि निघालो."

आई भिंगरीला घेऊन गेली. बाबा तिच्या बुटाची सुटलेली नाडी दारापर्यंत बघत राहिले, मग तेही गेले. पत्रक टेबलावरच राहिलं.

सगळे गेल्यावर पत्रकबाईंनी ते उचललं. फेकायला म्हणूनच उचललं होतं, पण स्वतःचं लिहिलेलं दिसलं की वाचायचं ही त्यांची जुनी सवय. वरून चौथी सूचना: सकाळी मुलांना पावणेआठपूर्वी फाटकाशी सोडावे व गाडी तत्काळ पुढे न्यावी. तिच्या खाली पाचवी: शुक्रवारी शिक्षकांची बैठक असल्याने मुलांना साडेअकराला सोडावे.

बाई खुर्चीत बसल्या.

'मुलांना साडेअकराला सोडण्यात येईल,' असं त्यांनी आधी लिहिलं होतं. ते अगदी आठवत होतं. पण ती ओळ पानाबाहेर जात होती. अकरा वर्षांत पत्रक कधी एका पानाच्या वर गेलं नव्हतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. म्हणून त्यांनी दोन शब्दांचा एक केला होता. वरच्या ओळीत पालकांनी सोडायचं, खालच्या ओळीत शाळेने सोडायचं, आणि शब्द तोच. बैठक सकाळी आहे, मुलांना उशिरा आणा, असाच त्याचा अर्थ कोणीही काढला असता. बाकीच्यांना खरं कळलं ते पत्रकामुळे नव्हे. गुरुवारी वर्गात तोंडी सांगितलं म्हणून, आणि आयांच्या फोनवरच्या ग्रुपमुळे. भिंगरी गुरुवारी वर्गात नव्हती आणि बाबा ग्रुपवर नव्हते. त्यांच्याकडे होता तो फक्त हा कागद, आणि त्यातली ओळन्‌ओळ त्यांनी पाळली होती.

शनिवार-रविवार बाईंना घरात चैन पडेना. बसल्या की उठत, उठल्या की कशासाठी उठलो ते विसरत. नवऱ्याने विचारलं, "गॅस बंद केलास का?" तर त्या म्हणाल्या, "सोडला." मग स्वतःच त्या शब्दाला दचकल्या.

सोमवारी त्यांनी पत्रकात दोन ओळी घातल्या: मागील पत्रकातील सूचना क्रमांक पाच चुकीच्या शब्दांत छापली गेली. चूक लिपिकाची आहे. मोठ्या बाईंनी लाल पेनाने दोन्ही ओळींवर काट मारली.

"आपणच आपल्या चुका छापायच्या? उद्या पालक डोक्यावर बसतील. 'सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' एवढं लिहा. आणि तो अर्ज लावलात का फाईलला?"

"लावते," पत्रकबाई म्हणाल्या.

त्यांनी तीनशे प्रती मोठ्या बाईंच्या मनासारख्या काढल्या. मग दार लोटून घेतलं आणि खोडलेल्या दोन ओळींसकट एकच प्रत वेगळी काढली, ती दुसरीच्या गठ्ठ्यात भिंगरीच्या नावाने घातली. एवढं केल्यावर बरं वाटेल अशी त्यांची समजूत होती.

मंगळवारी भिंगरीची आई ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली. तिच्या हातात मागचं आणि कालचं, दोन्ही पत्रकं होती.

"मीही ती ओळ वाचली होती," ती म्हणाली. "मला ग्रुपवर आधीच कळलं होतं, म्हणून मला बरोबर तेच दिसलं. काल पुन्हा वाचली." तिने कागद काउंटरवर ठेवून हाताने सपाट केला. "माझा अर्ज मागे घ्यायचाय. त्यालाही अर्ज लागतो का?"

"नाही. तो मी अजून फाईलला लावलेला नाही."

आईने आपला अर्ज परत घेतला, पण ती निघाली नाही.

"शेजारणीच्या पत्रकात या दोन ओळी नाहीत."

"नाही."

"म्हणजे फक्त मलाच?"

पत्रकबाईंनी मान डोलावली.

"मला कळून काय उपयोग, बाई?" आई म्हणाली. "परवा वाढदिवसाला गेले होते. तिथे सगळ्या आया भिंगरीच्या बाबांबद्दल बोलत होत्या, पोरीला विसरला म्हणून. भिंगरी तिथेच बसली होती. मीही काही बोलले नाही."

ती गेली. पत्रकबाई पुढचे तीन दिवस खिडकीतून फाटकाकडे बघत राहिल्या. मोठ्या बाईंकडे दोनदा गेल्या आणि दोनदा खडूंचा हिशेब विचारून परत आल्या. स्वतःचाच राग येत होता.

शुक्रवारी पावणेआठला त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे त्यांचं काम नव्हतं, वॉचमनकाकांनी चमकून पाहिलंसुद्धा. पायरीवर मोठ्या बाई नेहमीसारख्या मुलांचे नमस्कार घेत होत्या. बाबांची शिडी लावलेली व्हॅन फाटकापुढच्या पिवळ्या पट्ट्याशी आली, भिंगरी उतरली, पळत आत गेली. व्हॅन मात्र हलली नाही. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होते.

मागे रांग लागली. हॉर्न वाजला. मागच्या गाडीतल्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, चला की. परत विसरताय का पोरीला?"

कोणीतरी हसलं. बाबांनी घाईने गिअर टाकला.

"थांबा तुम्ही," पत्रकबाई बाबांना म्हणाल्या आणि मागच्या गाडीपाशी गेल्या. त्यांचा आवाज पायरीपर्यंत जाईल इतका निघाला.

"ते विसरले नव्हते. पत्रकात मी चुकीचं लिहिलं होतं. 'साडेअकराला सोडावे' असं. त्यांनी लिहिल्याप्रमाणे सोडलं. घरी असेल तुमच्याकडे, काढून वाचा."

गृहस्थांनी डोकं आत घेतलं. मोठ्या बाईंचा नमस्कारासाठी वर आलेला हात तसाच राहिला.

"पत्रकबाई," त्या पायरीवरून म्हणाल्या, "जरा ऑफिसात या."

"येते. एवढं झालं की येते."

वर खिडकीत दोन वेण्या दिसल्या. भिंगरीने गजांतून हात बाहेर काढला.

"बाबा, हजर," ती ओरडली.

बाबांनी हात हलवला आणि गाडी सोडली. व्हॅन वळणापलीकडे जाईपर्यंत पत्रकबाई रांगेपुढे हात आडवा धरून उभ्या होत्या. मग त्यांनी मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.