मशीन आपलं आपण उठतं

“ताई, मशीन उठलं का? मानूस उभा हाय वो हितं.” रक्तपेढीच्या मदतनीस झुंबरबाईंनी दारातून डोकं आत घातलं.

“नाही अजून,” पडद्यावरची नजर न काढता यशोधरा म्हणाली.

कोणत्या गटाची पिशवी कुठल्या फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात आहे, हे केडगावच्या त्या रक्तपेढीला सांगणारा संगणक म्हणजे वेगळी पेटी नव्हतीच. जुन्या सर्व्हरच्या पोटात चालणारं ते एक व्हर्च्युअल मशीन होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी यशोधरा भिंगारदिवे अकरा वर्षं त्याचं दुखलंखुपलं पाहत होती. आज रविवार, गर्दी कमी, म्हणून ते नव्या सर्व्हरवर हलवायला घेतलं, तर साडेअकरा वाजले तरी सुरूच होईना. तोवर तंत्रज्ञ रजिस्टरच्या पानांवरून बोट फिरवत पिशवी शोधत होता.

झुंबरबाईंच्या मागे कोल्हारचे याकोबकाका चिठ्ठी घेऊन उभे होते.

“म्याडम, व्हईल ना? सूनबाई दवाखान्यात हाय. लई रगत गेलंय.”

एवढंच बोलून ते बाकाच्या कडेला बसले. ते ओरडले असते तर यशोधराला बरं वाटलं असतं.

मशीनची सगळी मांडणी जिच्यात लिहिलेली असते, ती फाइल तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. नेटवर्कला जोडणाऱ्या ब्रिजचं त्यात लिहिलेलं नाव जुन्या सर्व्हरवरचं होतं. नव्यावर त्या नावाचा ब्रिजच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नाव बदललं आणि मशीन उठलं. थोड्याच वेळात याकोबकाका बर्फाचा डबा छातीशी धरून जिन्याकडे धावले.

आता एकच कमांड उरली होती. ऑटोस्टार्टची. ती दिली की वीज जाऊन सर्व्हर बंद पडला, तरी वीज आल्यावर मशीन आपलं आपण उठतं.

जुन्या सर्व्हरवर तिने ती दिली नव्हती. तेव्हा कारणही होतं. केडगावची वीज रुसक्या जावयासारखी. आली म्हणेस्तोवर पुन्हा निघायची. मशीन दर वेळी उठून आदळलं असतं तर आतली माहिती बिघडली असती. म्हणून वीज टिकली की मग यशोधराने येऊन हाताने सुरू करायचं, असा रिवाज पडला. चार वर्षांपूर्वी चांगल्या बॅटऱ्या आल्या. आता वीज तासभर गेली तरच सर्व्हर बंद पडे, आणि वीज टिकल्याशिवाय पुन्हा चालू होत नसे. कारण संपलं, रिवाज तसाच राहिला. तिनेच राहू दिला.

आईवडील गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. चिंचवडच्या भावाचा फोन चौदा एप्रिलला यायचा, तोही स्पीकरवर, घाईतला. बाकी फोन वाजे तो झुंबरबाईंचा: “ताई, मशीन उठंना.” मग यशोधरा जायची, मशीन उठवायची आणि झुंबरबाईंच्या डब्यातली चतकोर भाकरी खाऊन, चहा पिऊन तासाभराने परतायची. तिला एकटं वाटायचं आणि वीज गेली की बरं वाटायचं. ही लाजिरवाणी गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती.

फोन आल्यापासून आवरून, पोचून मशीन उठवेपर्यंत वीस मिनिटं जात. त्या वीस मिनिटांत काउंटरपुढे कोण उभं असेल, हे तिने मनात येऊ दिलं नव्हतं. आज तो माणूस डोळ्यांनी पाहिला होता.

तिने कमांड दिली. खात्रीसाठी, तंत्रज्ञाला सांगून, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. मशीन उठलं. तिची मदत लागली नाही.

मंगळवारी दुपारी गेलेली वीज तीन तासांनी आली. यशोधराने सवयीने केस विंचरले, चपला घातल्या आणि फोन घेऊन दारात उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली. शेवटी तिनेच फोन लावला.

“झुंबरबाई, मशीन?”

“उठलं की आपलं आपण. लाईट आली अन् लगीच. तुमचा हेलपाटा वाचला बगा ताई.”

“हो. काही लागलं तर सांगा.”

“आता काय लागतंय? ऱ्हावा निवांत. ठिवते, मानसं हायेत.”

यशोधराने फोन खाली ठेवला. मग तिने चपला काढल्या आणि दाराशी जोडीने नीट लावून ठेवल्या.