यिन्तानचा लिथाम

वाळवंटी बर्बरांचा माणूस लढाईत पडला आणि त्याच्या तोंडावर गुंडाळलेला लिथाम सुटला, की जन्मदाती आईही त्याला ओळखत नसे. पुन्हा बांधला, की हंबरडा फोडी. परक्याला बांधला, तर तो परका तिचा मुलगा होई.

म्हणून मझदलीचं काम नाजूक. लढाई निवली की प्रेतांना ज्याचे त्याचे लिथाम बांधायचे. कोणती विधवा आधी नवऱ्याचं तोंड बघते आणि कोणती त्याच्या वहाणा, हे त्याने पुरतं ओळखलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी इश्बीलियाच्या अरबांनी बर्बरांची फळी उभी चिरली. घोडे आतड्यांत पाय अडकून पडत होते. मझदलीचा मुलगा यिन्तान त्याच्यादेखत पोटात भाला घेऊन कोसळला. अरब हटले तेव्हा मैदानभर उघडी तोंडं पडली होती. लिथाम एकही नव्हता; अरबांनी सगळे नेले होते.

मझदली तंबूत आला. यिन्तान लिथामखाली हात घालून खजूर खात होता. पोटावर ओरखडाही नव्हता.

"बसा ना, अब्बा. उभ्यानेच जेवणार?"

हा अरब आहे, असं मझदलीने बायकोला सांगितलं. तमीमा खजूर वाढत राहिली. उन्हात फिरून डोकं तापलंय, म्हणाली. पोटचं पोर तिला कळत नाही होय?

सूर्यास्ताला प्रेतांचा खड्डा बुजणार होता. तोवर लिथाम मिळाला नाही, तर यिन्तान बेवारशी गाडला जाणार आणि हा इथे जेवत राहणार. मझदलीने सुरा त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत खुपसला आणि लिथाम ओढला.

खाली दाढीवाला चेहरा निघाला. यिन्तान बारा वर्षांचा झाल्यापासून बापानेही त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. हे नाक आपल्या वळणाचं आहे का, हे बघण्यात मझदलीचा एक श्वास गेला. तेवढ्यात त्या माणसाने मझदलीचाही लिथाम फाडून काढला.

तमीमा वळली. तिच्या तंबूत दोन अनोळखी पुरुष रक्ताने माखून उभे होते.

"माझी माणसं कुठायत?"

"मी तुझा नवरा," मझदली म्हणाला.

"मी तुझा मुलगा," दुसरा म्हणाला.

"जीभ दोघांचीही बरी चालते," तमीमा म्हणाली. तिने दोन्ही लिथाम उचलून कमरेला खोचले, मेखा ठोकायचा हातोडा घेतला आणि जवळ कोण उभा आहे ते पाहिलं.