किटलीवाल्यांची पितळी पुली

बाकी जगाला रविवारी सुट्टी असते, पण चिखलीतल्या वर्कशॉपांना गुरुवारी. त्या दिवशी साहेबराव आजोबांच्या शेडमधला लेथ गप्प, शेजारचा पत्रे ठोकणारा प्रेस गप्प, आणि जुना टेपरेकॉर्डर तेवढा बोलायचा. त्यांची नात सम्यका शाळेतून थेट तिथंच धडकायची. दप्तर लेथच्या बाजूला आपटायचं, भेळेचा कागद उघडायचा आणि ओरडायचं, "लावा की आजोबा किटलीवाले!"

किटलीवाले म्हणजे इंग्लंडचा एक बँड. खरं नाव 'द क्रुकेड केटल्स', पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? आजोबा तरुण होते, एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं घडवणाऱ्या खात्यात होते, तेव्हा तिथं इंग्लंडहून एक मशीन आलं. ते बसवायला जो साहेब आला, तो जाताना आपली कॅसेट आजोबांच्या हातात ठेवून गेला. कव्हरवर एक वाकडी किटली. ह्या संगीताला न्यू वेव्ह म्हणतात वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या अवली लोकांनी गाण्यात टाइपरायटर वाजवला होता, सायकलची घंटी वाजवली होती, आणि एका गाण्यात तर चक्क कुकरची शिट्टी! आजोबा, त्यांचे दोस्त चिमाजीबाबा आणि पॅकिंग खात्यातल्या इंदुताई तिघंही तिथल्या तिथं गार.

शब्द कळत नव्हते, म्हणून तिघांनी गाण्यांना आपली नावं ठेवली. कुकरवालं. रुसलेलं. बस चुकली. गाणाऱ्याचा आवाज कोवळा, चिरका, कायम कुणीतरी मागं लागल्यासारखा. त्याचं नाव पडलं बारक्या.

"पोरगं श्वास कवा घेतं कळत न्हाई बघ," चिमाजीबाबा दर गुरुवारी न चुकता म्हणायचे. ते मूळचे चिखलीचेच, त्यांच्या बोलण्यात गाव अजून शाबूत.

"तुमच्यासारखी तंबाखू नाही मळत तो," इंदुताईंचं उत्तरही ठरलेलं.

आणि ही मंडळी नुसती ऐकत बसायची नाहीत हं. कॅसेटबरोबर वाजवायची! आजोबा एकेकाळी भीमजयंतीच्या गायन पार्टीत पेटीवर असायचे, तीच पेटी इथं. चिमाजीबाबांच्या हातात नट आवळायचे दोन पाने आणि समोर ऑइलचं रिकामं बॅरल. इंदुताईंकडे स्टीलचा डबा. बारक्याच्या आवाजात आवाज मिसळायला सम्यका, ती तर दुधाचे दात पडायच्या आधीपासून.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची. मग गॅदरिंगला तिनं कुकरवालं गाणं म्हटलं, शिट्टीसकट. मागच्या बाकावरची पोरं बाकावर उभी राहिली. त्या दिवसापासून तिचा गळा जो सुटला, तो सुटलाच. त्याच झपाट्यात तिनं किटलीवाल्यांचे चाहते इंटरनेटवर शोधून काढले. बँड कधीच मोडला होता, तरी जगभर माणसं त्यांच्यावर जीव टाकून होती! पहिली कॅसेट निघाली त्या तारखेला दर वर्षी सगळे ऑनलाइन जमायचे. सम्यकानं कुणाला न विचारता मेल ठोकून दिला: आम्ही पण आहोत, आम्ही वाजवतो.

इंग्लंडहून डॉरीन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. चाहत्यांच्या मंडळाच्या ह्याच प्रमुख होत्या. 'येत्या मेळाव्यात तुम्ही लाइव्ह वाजवा. आम्ही सगळे नकाशात चिखली शोधतो आहोत.'

सम्यका घरापासून शेडपर्यंत पळत गेली. काळेवाडीची बस गेली, कंपनीची बस गेली, हिनं दोन्हींना नुसताच टाटा केला.

आता तयारी नीट हवी, म्हणून तिनं मूळ गाणी पहिल्यांदाच डाउनलोड केली. इतके दिवस गरजच पडली नव्हती. घरात पुरणपोळी असताना हॉटेलात कोण बघतं? पुढच्या गुरुवारी तिनं ती फोनवर लावली.

तिघं ऐकत राहिले. गाणं आपलं रमतगमत निघालं होतं.

"फोनची बॅटरी उतरली का गं?" इंदुताईंनी विचारलं.

"फुल आहे."

"मग गाणाऱ्याला ताप हाय," चिमाजीबाबा म्हणाले. तेवढ्यात एक भारदस्त आवाज सुरू झाला, नि ते ताडकन उठले. "ह्यो बारक्या न्हाई! ह्यो बारक्याचा बाप हाय!"

सम्यका हसून हसून लेथला टेकली. डोळे पुसत म्हणाली, "अहो, म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीचंच ऐकतोय!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी टेपरेकॉर्डर उलटा केला, स्क्रू काढले आणि आत बोट ठेवलं. मोटरवर एक इवलीशी पितळी पुली होती, तिच्यावरून रबरी पट्टा गेलेला.

"मूळची प्लॅस्टिकची होती. टेप जुन्या बाजारातून आणला तेव्हाच तुटलेली, म्हणून ही मी लेथवर केली," ते म्हणाले. "माप कुठं होतं तेव्हा? जरा दमदार केली."

दमदार म्हणजे जाड. पुली जाड झाली म्हणून पट्टा जोरात, कॅसेट जोरात, आणि बारक्याच्या बापाचा झाला बारक्या.

"चूक माझी आहे. त्या लोकांसमोर चुकीचं वाजवायचं नाही." टूलरूमचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चुकलेलं माप नाही सहन करणार. त्यांनी हिशेब मांडून नवी पुली केली, बसवली, आणि जुनी पितळेच्या किसात भिरकावली.

कॅसेट आता अगदी बिनचूक वाजायला लागली, आणि शेडमध्ये सुतक आलं. वेग उतरला तसा सूरही उतरला, पण पेटीवर काळी दोनला बसलेली आजोबांची बोटं काळी एकवर उतरायला तयार होईनात. चिमाजीबाबांच्या दोन ठोक्यांमध्ये एक जांभई मावायला लागली. पुढच्या गुरुवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी इंदुताईंकडे पाहुणे होते. सम्यकानं एकटीनं भेळ खाल्ली आणि ती पहिल्यांदाच तिला कोरडी लागली.

घरी गिरजाबाई आजी वैतागलेल्या. "ह्यांना शेडवर ने बाई. घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं घट्ट करताहेत. आता एक उघडेल तर शप्पथ!"

सम्यकाला कळत होतं, हे सगळं आपल्या एका 'चुकीचंच'नं झालं. आता मेळावा चांगला झाला काय नि वाईट झाला काय, तिला गुरुवार परत हवा होता, बस्स. तिनं किसाच्या ढिगात हात घातला, पुली शोधून काढली आणि कंपासपेटीत ठेवून दिली. पुढं काय करायचं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

मेळावा नेमका रविवारी. म्हणजे आपल्या वर्कशॉपांचा कामाचा दिवस! शेजारचा प्रेस ढाण ढाण करत होता, बाहेर टेम्पोवाला गणराज हॉर्न दाबून बसला होता. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, इंदुताईंनी नवी साडी. चिमाजीबाबांनी टोपी बदललेली, आणि बॅरल पुसलेलं. लॅपटॉपवर चौकटीच चौकटी: पांढऱ्या केसांच्या बायका, टकले बाप्ये, एकाच्या मांडीवर मांजर, जवळपास सगळ्यांच्या अंगात वाकड्या किटलीचा टीशर्ट.

डॉरीनबाईंनी हात हलवला. "चला चिखली!"

आजोबांनी कॅसेट लावली. कुकरवालं गाणं, बिनचूक वेगात. पेटी सुरू झाली, अडखळली, पुन्हा सुरू झाली. चिमाजीबाबा ठोका द्यायला आले नि लवकर आलो म्हणून हवेतच थांबले. इंदुताई डब्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यात शिळं काही निघालंय. चौकटींतली माणसं गोड हसत होती. पाहुण्यांच्या पोरानं पाढे म्हटले की आपण हसतो ना, तसलं. आजोबांचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. त्यांनी पेटीवरून हात काढून घेतला. त्यांचे कान लाल झाले होते.

सम्यका लॅपटॉपसमोर आली.

"एक मिनिट हं!" ती इंग्लिशमध्ये साऱ्या जगाला म्हणाली. तिनं कॅसेट थांबवली, टेपरेकॉर्डर पालथा घातला आणि खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला.

"सम्यका! काय करतेस? लोक बघताहेत!"

"बघू देत की." तिनं कंपासपेटी उघडली. "आजोबा, त्यांचं गाणं त्यांच्याकडे आहेच. आपलं कुठंय त्यांच्याकडे?"

"अगं, पण माप..."

"साहेबराव, गप बसा," इंदुताई म्हणाल्या. "पोरीला स्क्रू काढू द्या."

चिमाजीबाबांनी पाने उचलले.

पितळी पुली बसली. पट्टा चढला. सम्यकानं बटण दाबलं, आणि बारक्या सुटला!

कसला सुटला! आजोबांची बोटं आपोआप काळी दोनवर जाऊन पडली, आपल्या घरात अंधारातही माणूस चालतो तशी. बॅरल कडाडलं, डबा खणखणला, शेजारचा प्रेससुद्धा कधी नव्हे तो तालात आल्यासारखा वाटला, आणि सम्यका बारक्याच्या मागं नाही, पुढं धावत होती. शिट्टीच्या जागी तिनं अशी काही शिट्टी मारली की गणराजनं बाहेरून हॉर्ननं उत्तर दिलं. चौकटीतलं मांजर उडालं. एक टकले काका खुर्चीतून उठले ते नाचायलाच लागले, नाचता नाचता स्क्रीनबाहेर गेले आणि दुसऱ्या बाजूनं परत आले. डॉरीनबाई दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडत होत्या, काय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा चिमाजीबाबा धापा टाकत म्हणाले, "आता कळलं बारक्या श्वास कवा घेतो. घेतच न्हाई!"

डॉरीनबाईंना सगळी हकिगत हवी होती. सम्यकानं पुली कॅमेऱ्यासमोर धरून सांगितली. कुणी चूक म्हटलं नाही. सगळ्यांनी एकच मागितलं: पुन्हा! मग रुसलेलं झालं, बस चुकली झालं, पुढच्या लोकांनी आपली वाजवायची पाळीही चिखलीला देऊन टाकली. निरोप घेताना डॉरीनबाई जरा लाजल्यासारख्या झाल्या. त्यांच्याकडेही तसाच जुना टेपरेकॉर्डर होता. तसली एक पुली मिळेल का?

सम्यकानं मराठीत सांगितलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॉडेल विचार त्यांना," एवढंच म्हणाले.

त्या गुरुवारी शेडमध्ये किटलीवाले वाजत होते, भेळ होती, भांडणं होती, आणि सुट्टी असून लेथ चालू होता. पितळेची बारीक सोनेरी वेटोळी आजोबांच्या बुटांवर पडत होती. चिमाजीबाबा वाकून बघायला लागले.

"साहेबराव, इंग्लंडला जानार हाय. माप नीट धरलंय न्हवं?"

"धरलंय की," आजोबा म्हणाले. "जरा दमदार."