डाव्या कोपऱ्याची चिकटपट्टी

"बाबा, तुम्ही खरंच गंज काढता, की वरून नुसता रंग फासता?"

प्रश्न तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्यात एकीने पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि पैज म्हटल्यावर मागे हटणाऱ्यातली ती नव्हती, निदान यंदापासून तरी नाही. नववीत गेल्यापासून हिला कंठ फुटलाय, असं आई म्हणायची.

बागेतली जुनी बाकडी, घसरगुंड्या, झोपाळे नव्यासारखे करून देणं हा बाबांचा धंदा. घरामागच्या शेडमध्ये स्प्रे-गन धुता धुता ते हसले. "गंजावर रंग मारला तर महिन्यात पापुद्रे सुटतात. रंग लोखंड राखायला असतो, झाकायला नसतो. सांग तुझ्या टोळीला."

हे वाक्य तिने वर्गात अशा थाटात ऐकवलं, की पैज लावणारीने तिथल्या तिथे हार कबूल केली.

शेडमध्ये तेव्हा बालवाडीचा झोपाळा आला होता. पैज लावणारीची धाकटी बहीण त्याच बालवाडीत. कड्या, नटबोल्ट, जिथे जिथे रंग जायला नको तिथे कागद आणि चिकटपट्टी लावायचं काम बाबांच्या लेकीचं. नखाने कडा दाबून ती पट्टी अशी बसवायची, की आत शिरायची रंगाची बिशाद नव्हती. घासायलाही तीच होती. फक्त आडव्या दांड्याचा डावा कोपरा बाबांनी तिला घासू दिला नाही. "तो मी बघतो गं. तू नंतर पट्टी तेवढी लाव."

पिवळ्या रंगाचे दोन हात झाले. पट्टी रंग ओला असतानाच काढायची, हा घरचा नियम. त्या संध्याकाळी फोनवरच्या गप्पांत ती साफ विसरली. सकाळी बघते तर रंग खडखडीत. आता बोलणी बसणार म्हणून तिने घाईघाईने डाव्या कोपऱ्याची पट्टी ओढली. पट्टीबरोबर वीतभर रंग आला, त्याखालची खड्डे बुजवायची पुट्टी आली, पुट्टीखाली गंजाची भुकटी. फुंकर मारली तर दांड्याला भेग. नख आत जाईल एवढी, थेट कडीच्या जोडापर्यंत.

सुटली असेल बाबांच्या नजरेतून, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण पुट्टी काही आपोआप भरली जात नाही.

बाबा चहाचा कप घेऊन आले आणि भेगेकडे न बघताच म्हणाले, "पट्टी कालच काढायची ना. आता परत भरावं लागेल."

"आईला माहीत होतं?"

आई दारातच उभी होती. "वेल्डरकडे आठ दिवसांची रांग आहे बाळा. बालवाडीचा टेम्पो दुपारी येतोय. बाबांनी शब्द दिलाय."

"चिमुरड्यांचं वजन ते किती," बाबा म्हणाले आणि पट्टीचा रोल तिच्यापुढे धरला. "मी भरतो, तू लाव. तुझ्यासारखी सरळ कड मला जमत नाही."

एरवी या कौतुकाने ती दिवसभर फुगून फिरली असती. आज तिला ते वर्गातलं वाक्य आठवलं, आणि ते ऐकवताना वर केलेली आपली हनुवटी. कान तापले. डोळे भरून आले, तरी तिने ते पुसले नाहीत.

रोल घेऊन तिने खिळ्याला अडकवला.

"मी आज शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "टेम्पो आला की ही भेग ड्रायव्हरला मीच दाखवणार. आणि वेल्डिंग होईपर्यंत या शेडमध्ये कशालाच पट्टी लावणार नाही."