खोकलं की आत

बोटावरचं पेट्रोल उडालं आणि बोट गार पडलं, पार हाडापर्यंत... हरिबाने कार्बोरेटर तळहातावर उलटा धरला. जेटच्या केसाएवढ्या भोकातून आभाळाचा एक राखाडी ठिपका दिसला. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करताना हे बोट असंच गार पडत आलं. त्यात भिण्यासारखं काही असतं हे रविवारपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी पोरीचा, मोहिनीचा फोन आला होता, विमान चालवायला शिकते तिथून. "आबा, बाहेर ऊन असलं तरी हवा दमट असली की पेट्रोल उडून गार पडलेल्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. इंजनाचा गळाच आवळतो."

"बर्फ? आमच्या धारूरात रसवंतीवाल्याला मिळंना, अन् तुझ्या इंजनात कुटून आला?"

ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "एक नॉब आस्तो. ओढला की गरम हवा आत जाते, बर्फ वितळतो. पण ते पाणी इंजनात जातं, म्हणून आधी जास्तच खोकतं. तवा नॉब ओढूनच ठिवायचा. मी आत ढकलला, आबा. सर लई वरडले. काय करू, हात आपोआप गेला."

हात आपोआप गेला... तो हात मी घडवला. सात वर्षांची होती, याच दुकानात, याच फळीवर बसलेली. गाडी चालू होताना चोकचा नॉब तिच्या मुठीत देऊन आपणच शिकवलं, इंजन खोकलं की आत, खोकलं की आत — आणि ती ते टाळ्या वाजवत म्हणायची, गिऱ्हाइकं कौतुकाने खाऊला पैसे द्यायची.

आज ती पहिल्यांदा लांबवर एकटी गेली होती. रोज दहापर्यंत एका शब्दाचा निरोप येतो, 'उतरले'. आज लांबचं म्हणून अकरा धरले, तरी सव्वाअकरा झाले होते. डोंगरावर ढग इतके खाली बसले होते की किल्ला दिसत नव्हता. मागच्या पावसाळ्यात तिच्याच संस्थेचं एक विमान अशाच दिवशी उसात पडलं होतं; पोरगा वाचला, पाय गेला. पांडुरंगा, तिच्या हातातून माझा हात काढून घे... असं मागणं कधी कुणी मागितलं असेल का?

त्याने दोनदा फोन लावला. बंद.

"हरिबामामा, झाली का गाडी?" नांदूरघाटचा नाथा दारात उभा होता.

कार्बोरेटर बसवला. चोक ओढला, किक मारली. इंजिन सुरू झालं आणि लगेच खोकायला लागलं. त्याचा अंगठा नॉबवर गेलाही होता, आपोआप. तो थांबला.

"आत ढकला की! कावून धरून ठिवलाय?"

"थांब जरा."

"इंजनाला बी कीर्तन ऐकवता का काय?"

कीर्तन... परवा सप्ताहात बुवांचा आवाज वरच्या पट्टीत फाटला होता. पण मागे उभे आम्ही टाळकरी थांबलो नाही, ध्रुपद धरून राहिलो, बुवांच्या गळ्यात सूर परत येईपर्यंत. असं धरून राहणंही मला येत होतं की. उभा जन्म येत होतं. मग पोरीला ते कावून न्हाई शिकवलं?

काळा धूर दुकानभर झाला. नाथा खोकत बाहेर सरकला. "मराया लागली गाडी, मामा!"

हरिबाच्या कपाळावर घाम होता आणि बोट अजून गार होतं. फोन फळीवर पालथा पडला होता. तो उलटा करायचं धाडस नव्हतं. इंजिन आचके देत होतं, अंगठा आत जायला धडपडत होता, आणि तो दुसऱ्या हाताने तो अंगठा बाहेर धरून उभा होता. ओठ हलत होते. नाव विठ्ठलाचं होतं की तिचं, त्याला सांगता आलं नसतं. धर, पोरी... खोकू दे... धरून ठेव.