कोनफळ कोणी कापलं

नवरात्राची पाचवी माळ होती. पोटात सकाळपासून फक्त चहा आणि दोन खजूर, आणि उपाशीपोटी माझं डोकं दुप्पट तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी परीक्षित, मूळचा डोंबिवलीचा, स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. या गावात उपासाचं म्हणून काही मिळत नाही. साबुदाणा संपला की पिट्सबर्गपर्यंत ड्राइव्ह करा, तीन तास!

आणि त्या शुक्रवारी लॅबमधून घरी येऊन बघतो तर किचनच्या टेबलावर, चादरीत गुंडाळलेलं, माझ्या कमरेएवढं लांब कोनफळ.

ते माझ्या रूममेटने, एलियासने, पिकवलं होतं. एलियास पापुआ न्यू गिनीचा, अंबुलास लोकांपैकी. वडील गावातल्या चर्चचे पास्टर. हा इथे शेतीशास्त्र शिकायला आलेला. युनिव्हर्सिटीच्या ग्रीनहाऊसमध्ये उभ्या ड्रममध्ये त्याने हा कंद वाढवला. रोज क्लासआधी जायचा, त्याच्याशी बोलायचा, प्रार्थना करायचा, आणि ते सगळे महिने कोणाशी भांडायचा नाही. घरात भांडण झालं की कंद वाढायचा थांबतो म्हणे. खरकट्या भांड्यांवरून मी त्याच्या अंगावर धावून गेलो तरी हा शांत. मी चिडवायचो, "अरे, तू ख्रिश्चन ना? मग हे काय थेर?" तो हसायचा. "भांडू नकोस असं येशूही सांगतो आणि कंदही. मला सोपं पडतं यार." हा 'यार' माझ्याकडून उचललेला.

रविवारी चर्चमध्ये तो हे कोनफळ सॅम्युएलला देणार होता. सॅम्युएल त्याच्या शेजारच्या गावचा, इथेच शिकणारा. मला तेवढंच ठाऊक होतं.

देवाचा नैवेद्य असता तर मी मेलो तरी आधी हात लावला नसता. पण मला ती भाजी वाटली हो! नखाने साल खरवडली, आत जांभळं. आईच्या हातची उपासाची भाजी आठवली आणि तोंडाला पाणी सुटलं. एवढ्या मोठ्या कंदातलं वीतभर गेलं तर सॅम्युएलला काय कळणार आहे? शेपटाकडून कापलं, फोडी केल्या, तुपात जिरं टाकलं. वर कापलेल्या कंदाचा फोटो काढून फेसबुकवर टाकला, एलियासला टॅग केलं. खाली इंग्रजीत लिहिलं, 'एलियासने पिकवलं, आणि आता कापलं!'

तासाभराने एलियास आला. त्याने टेबलाकडे बघितलं आणि असा ओरडला की माझ्या हातातला झारा पडला.

"डॅनियल!"

मी म्हटलं, "कोण डॅनियल?" उत्तर तोंडावरच आलं. पहिल्या ठोशात ओठ फाटला, दुसऱ्यात मी फ्रिजवर आदळलो. मीही काही संत नाही. गॅसवरची कढई उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. तूप उडालं, त्याच्या मानेची कातडी सोलली गेली. तो पुन्हा हात उगारणार, तेवढ्यात त्याने स्वतःचाच उजवा हात डाव्या हाताने धरला आणि मटकन खाली बसला. रडत होता. कंद लावल्यापासूनच्या सात महिन्यांत त्याने पहिल्यांदा कोणाला मारलं होतं, आणि ते मला.

मग त्याने सांगितलं. डॅनियल त्याचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी जमिनीच्या वादात सॅम्युएलच्या भावाने त्याला कोयत्याने तोडलं. गावची पोरं बदला घ्यायला निघाली होती, वडिलांनी त्यांना येशूची शपथ घालून थांबवलं. म्हणून एलियासने कंद वाढवला, त्याला भावाचं नाव ठेवलं. तो अख्खा सॅम्युएलच्या हातात द्यायचा, त्याने घेतला की दोन्ही गावांतलं वैर मिटलं. "आणि कापलेला असेल तर?" मी विचारलं.

"मग त्याचा अर्थ एकच. डॅनियलला तुम्ही कापलंत, तसं आम्ही तुम्हाला कापू."

फोन शोधला, फोटो डिलीट केला. हात तुपाने बरबटलेले, स्क्रीनवर बोट नीट लागेना. आणि दारावर लाथ बसली.

सॅम्युएलने फोटो पाहिला होता. एवढंच नाही, पाहिल्यापाहिल्या घरी फोन करून भावांना सांगून टाकलं होतं की एलियासची माणसं चालून येणार, सावध राहा. आत शिरला तोच एलियासच्या नाकावर ठोसा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एलियासने हात वर केले नाहीत. पोटात लाथ, बरगडीत लाथ, तरी नाही. मला सहन होईना. "मार ना त्याला, साल्या!" मी एलियासवरच ओरडलो. मग मीच कढई घेऊन सॅम्युएलवर तुटून पडलो. त्याच्या कपाळाला खोक पडली, त्याने माझा गळा धरला, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो.

"मी कापलं!" मी किंचाळलो. "त्याने नाही! मी कापलं, खायला!"

सॅम्युएलने गळा सोडला. "खायला?" असं दोनदा विचारलं.

तेवढ्यात एलियासचा फोन वाजला. त्याचा धाकटा भाऊ. तिकडे शनिवारची सकाळ झाली होती. एलियासच्या बोटांना रक्त लागलेलं, म्हणून त्याने स्पीकर लावला. ते पिजिनमध्ये, त्यांच्या देशाच्या बोलीत, बोलत होते. त्यांची पिजिन अर्धीअधिक इंग्रजीच, कान देऊन ऐकलं तर समजते.

सॅम्युएलच्या भावांनी वाट पाहिली नव्हती. आपल्यावर हल्ला व्हायच्या आत आपणच जावं म्हणून निघाले. एलियासचे वडील मळ्यात जायला निघाले होते. हातात बायबल धरून आडवे गेले, "बसा, आधी बोलू" म्हणाले. त्यांना तिथेच तोडलं. घर पेटवलं.

सॅम्युएल भिंतीला टेकून खाली घसरला.

भाऊ ओरडत होता. साठ माणसं कोयते घेऊन उभी आहेत, एलियासच्या एका शब्दाची खोटी. कंद कापला असं ओरडतच ते आले होते; तो कोणी कापला? हल्ल्याला निमित्त हवं म्हणून सॅम्युएलनेच ना?

"माझ्या रूममेटने," एलियास म्हणाला. "त्याला ठाऊक नव्हतं."

मी धावत जाऊन फोनमध्ये ओरडलो, इंग्रजीत, "मी कापलं! माझी चूक आहे! मला शिव्या घाला!"

"खोटं," भाऊ म्हणाला. "तू सॅम्युएलला वाचवतोयस. परक्या माणसाला पढवून बोलायला लावतोयस. आम्ही निघालो."

सॅम्युएलची आई त्या गावात होती. दोन लहान बहिणी होत्या. तो जमिनीवर हात टेकून एलियासकडे बघत होता. ज्याच्या भावांनी आपल्या बापाला तोडलं, त्याच्याकडे एलियासने पाहिलं. डोळे मिटले. त्याने काय प्रार्थना केली मला माहीत नाही, फार छोटी होती.

"थांब," तो म्हणाला. "खरं सांगतो."

पिजिनमध्ये 'मी' म्हणजे आपलंच मराठी मी. तोच शब्द, तोच अर्थ.

"मी," एलियास म्हणाला.

पलीकडे भाऊ जनावरासारखा रडला. बापाचा जीव तुझ्यामुळे गेला म्हणाला. कोयते खाली ठेवा, असं तो मागच्या लोकांना सांगताना ऐकू आलं, आपल्याच घरातला निघाला म्हणून. आणि मग एलियासला म्हणाला, इकडे कधी पाय ठेवू नकोस, आईच्या मातीलाही येऊ नकोस, आलास तर मीच तुला तोडीन. फोन बंद झाला.

माझं खरं कोणी मानलं नव्हतं. त्याचं खोटं लगेच मानलं. मी त्याचे पाय धरले, म्हटलं, मार मला, वाटेल तेवढं मार! त्याने फक्त मान हलवली आणि मोडक्या नाकातून श्वास घेत बसून राहिला. वाटीभर भाजीपायी मी त्या माणसाचं गाव तोडलं.